गोदामातली हिरवी रेघ

जानेवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी सव्वाचार वाजता, डोंगरकडा गावातल्या एका रिकाम्या हळदीच्या गोदामात डीजेच्या लेझरचा हिरवा किरण माझ्या उजव्या डोळ्यात गेला. किती वेळ, हे सांगता येत नाही. सेकंदापेक्षा कमी. त्या वेळी गोदामात दोघेच होतो. दुसऱ्याला काही झालं नाही.

दुसरा म्हणजे लेझरचा मालक. वय सव्वीस. डोंगरकड्याचाच, बौद्ध कुटुंबातला. वडील हळदीच्या बाजारात हमाल, आई शाळेत खिचडी शिजवते. त्याच्याकडे एक पिकअप, स्पीकरचे आठ बॉक्स आणि एक जुना लॅपटॉप आहे. हलगी, संबळ, हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमचा घरघराट, असं काय काय तो मोबाइलवर रेकॉर्ड करून आणतो, त्याचे तुकडे करतो, खाली बेस लावतो आणि गाणं इंटरनेटवर टाकतो. गाणं वाजताना स्क्रीनवर जो चौकोन दिसतो तो मी करून देतो. कॅसेटच्या डबीत घडी घातलेला कागद असायचा, त्याचं काम आता हा चौकोन करतो. याला सगळे कव्हरच म्हणतात.

त्याआधी अकरा वर्षं मी हिंगोलीत एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होतो. पहिली सहा बातम्या लिहिण्यात गेली, पुढची पाच कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्यात. पानं लावण्याचं काम दुसऱ्या शहरात हललं तेव्हा घरी कॉम्प्युटर घेतला. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स. डीजेंची कव्हरं नंतर आली, आणि तीच जास्त येऊ लागली.

आमच्याकडच्या कव्हरांची एक ठरलेली मांडणी आहे. मधोमध डीजेचं नाव, स्टीलसारखी चकाकणारी अक्षरं. मागे बॉक्सची भिंत. कोपऱ्यात वाघ किंवा सिंह. खाली ज्वाळा. रंग गाणं कोणत्या महिन्यात वाजणार त्यावर ठरतो. फेब्रुवारीत भगवा, एप्रिलमध्ये निळा. रंग चुकला तर गाणं चांगलं असूनही त्या मिरवणुकीत वाजत नाही. डोंगरकड्याच्या या मालकाला दोन्हीकडच्या सुपाऱ्या असत. त्यामुळे त्याची मागणी वेगळी होती.

"दादा, बारा महिने चालंल असं कव्हर पाहिजे. एकदाच करायचं. निळं न्हाई, भगवं न्हाई."

"मग कोणतं?"

"हळदीचं."

कल्पना त्याची होती. नवी हळद अजून बाजारात आली नव्हती, त्यामुळे गोदाम रिकामं होतं. कोपऱ्यात जुन्या पोत्यांचा ढीग होता. पोती झटकली की हवेत पिवळी धूळ उडते, दहा-बारा मिनिटं खाली बसत नाही. त्या धुळीतून लेझर सोडला तर किरण दिसतो. एरवी यासाठी धुराचं मशीन लागतं. त्याच्या मशीनमधलं पाणी संपलं होतं. शटर खाली ओढून, नाकाला रुमाल बांधून त्याने पन्नासेक पोती झटकली. मी दाराजवळ मोबाइल तिपाईवर लावून उभा होतो.

पहिले सोळा फोटो वाया गेले. मिरवणुकीत लेझर फिरता असतो. जाळं, पंखा, लाटा असे आकार काढतो. फोटोत त्याचा नुसता गुंता येत होता.

"हलू देऊ नको," मी म्हणालो. "एकच रेघ पाहिजे. सरळ. आणि खाली घे, कॅमेऱ्याच्या उंचीला."

"कॅमेऱ्याकडंच सोडू?"

"वरून जाऊ दे. चार बोटं वरून."

त्याने मशीन दोन विटांवर ठेवलं, एक वीट काढली, किरण थांबवून सरळ केला. काळ्या अंधारात पिवळी धूळ, तिच्यातून एक हिरवी रेघ. हवा होता तो फोटो सतराव्या वेळी मिळाला. अठराव्याच्या वेळी मशीनखालची वीट कलली. मी त्याच क्षणी मोबाइलवरून डोकं वर काढत होतो.

दुखलं नाही. आधी सगळं हिरवं झालं, मग पांढरं, मग गोदाम परत दिसू लागलं. त्याच्या मधोमध एक काळपट ठिपका होता. मी जिकडे पाहीन तिकडे तो येत होता.

"लागलं का दादा?"

"तुझ्याकडे गेला होता का किरण?"

"मी मागं हाय की. तुमाला लागलं का?"

मी एकेक डोळा मिटून पाहिलं. डावा साफ होता. त्याला तसं सांगितलं. उजव्याबद्दल म्हणालो, दिपला आहे, होईल ठीक. त्याने शटर उघडलं. त्याच्या आईला कळलं तेव्हा तिने गुलाबपाण्याची बाटली आणली. ते नको म्हटल्यावर म्हणाली, शेजारी लेकुरवाळी आहे, तिचं दूध दोन थेंब टाकते, थंड पडेल. मी चहा घेतला आणि पाचच्या गाडीने हिंगोलीला आलो. गाडीत मोबाइल पाहिला. काढलेला प्रत्येक नवा फोटो आडव्या जांभळ्या रेघेने कापला जात होता. अठरावा फोटो पूर्ण पांढरा होता. सतरावा शाबूत होता.

घरी तीन दिवस सांगितलं नाही. त्या तीन दिवसांत कव्हर केलं. कामाची पद्धत अशी बसवली की उजव्या डोळ्यावर रुमाल बांधायचा आणि बायको शाळेतून यायच्या वेळी काढायचा. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, साडेपाचपर्यंत येते. डाव्या डोळ्याने काम होत होतं. अडचण दोन्ही उघडे ठेवल्यावर होती. मधलं अक्षर कधी धूसर व्हायचं, कधी वाकायचं. पान लावणाऱ्याला सगळ्यात आधी मधली रेघ लागते. तीच मला दोन्ही डोळ्यांनी तपासता येत नव्हती. वर्तमानपत्रात एक नियम होता: जे तपासलं नाही ते लावायचं नाही. म्हणून डीजेचं नाव मधोमध न ठेवता खाली डाव्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत ठेवलं. त्याखाली त्याच्या आग्रहाची ओळ होती: ३ वॅट लेझर. शनिवारी संध्याकाळी कव्हर पाठवून दिलं.

दहा मिनिटांत फोन आला.

"दादा, नाव मधात न्हाई."

"कोपऱ्यात आहे."

"कोपऱ्यात काहून? लोकं म्हणतील हे कव्हर कुणाचं हाय, हळदीचं का?"

"हळदीचंच मागितलं होतंस."

"हळदीची सुपारी येते का मला?"

मी बदल केला नाही. त्याने मोबाइलवरच्या एका अ‍ॅपने स्वतः नाव मधोमध टाकलं, लाल, आणि गाणं चढवलं.

रविवारी सकाळी बायकोला कळलं. पलंगासमोरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. सतरा तारखेला एका लग्नपत्रिकेचं काम द्यायचं होतं, म्हणून मी डावा डोळा मिटून सतराकडे पाहत होतो. सोळा दिसत होते. अठरा दिसत होते. सतरा नव्हते. अठराकडे पाहिलं की सतरा यायचे आणि अठरा जायचे.

"कवापासून पाहून राहिले?" तिने दारातून विचारलं. "एकादशी शोधून राहिले का?"

ती पलंगाशी आली. माझा एक डोळा मिटलेला होता.

"दुसरा मिटा."

मी बदलला.

"आता पहिला. काय वार हाय त्या तारखेला?"

"दिसत नाही."

ती खाली बसली. मी गुरुवारपासूनचं सगळं सांगितलं, क्रमाने, वेळांसह. संपल्यावर म्हणाली, "दुसऱ्याच्या घरची बातमी असती तर पहिल्या दिवशीच दिली असती न्हाई का तुमी? घरची दाबून ठेवली."

त्यानंतर तिने मुख्याध्यापकांना सोमवारच्या रजेचा फोन केला.

सोमवारी सकाळी सातच्या नांदेड गाडीने निघालो. कळमनुरी गेल्यावर डीजेवाल्याचा फोन आला. त्याला बायकोने रात्रीच कळवलं होतं. डोंगरकड्याला तो रस्त्यावर उभा होता, खांद्यावर हळदीचं पोतं. पोत्यात काही तरी चौकोनी, जड.

कंडक्टरने पोत्याला हात लावून पाहिला. "काय हाय?"

"लेझर."

"म्हंजे?"

"डीजेची लाइट. डाक्टरला दाखवायची हाय."

"हिला काय झालं?"

"हिला काही न्हाई झालं. यांना झालं." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

कंडक्टरने मला पाहिलं, पोत्याला पाहिलं आणि सामानाचं तिकीट फाडलं नाही.

बायकोने त्याला विचारलं, "हे ओझं काहून आणलं रे?"

"मॅडम, साप चावल्यावर साप नेतात की न्हाई दवाखान्यात? मारून, पिशवीत घालून. डाक्टरला जात कळली म्हंजे इलाज बराबर होतो. मंग हे नको न्यायला?"

आमच्या भागात सापाची ही रीत खरोखर आहे. लेझरच्या बाबतीत ती कोणी वापरल्याचं मी ऐकलं नव्हतं. बायकोने पोतं आपल्या पायाशी ओढून घेतलं, गाडी उसळली की त्यावर चपलेचा पाय ठेवायची.

डोळ्यांच्या दवाखान्यात आधी थेंब टाकले. बाहुली मोठी व्हायला पाऊण तास लागला. मग तक्ता. डाव्या डोळ्याने शेवटून दुसरी ओळ वाचली. उजव्याने वरचं मोठं अक्षर आणि त्याखालची एक ओळ, तीही डोकं तिरकं करून. नर्सने डोकं सरळ धरलं तेव्हा दुसऱ्या ओळीतलं मधलं अक्षर गेलं. मग पडद्याचा स्कॅन. हनुवटी पट्टीवर टेकवायची, आत दिसणाऱ्या खुणेकडे पाहायचं. खूण कुठे आहे ते मला सांगता आलं नाही. तंत्रज्ञ म्हणाली, जिथे असेल असं वाटतं तिथे पाहा.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. डोळ्याच्या पडद्याचं आडवं कापलेलं चित्र, एकावर एक थर. मधोमध एक खड्डा सगळ्यांनाच असतो. माझ्या खड्ड्याच्या तळाशी एक थर तुटलेला होता. जागा बारीक होती, पण वाचायची दृष्टी तिथेच असते.

"रक्तस्राव नाही," त्या म्हणाल्या. "हे चांगलं आहे. छिद्र आरपार नाही. हेही चांगलं आहे. लेझर किती ताकदीचा होता?"

"तीन वॅट," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तीन वॅट? सरळ? थांबलेला किरण?"

"थांबवायला मीच सांगितलं होतं."

त्यांनी परत स्क्रीनकडे पाहिलं. बायकोने माझं मनगट धरलं. डॉक्टर म्हणाल्या, तसं असेल तर आज जेवढं दिसतंय तेवढ्यावर थांबेल असं मी सांगू शकत नाही. पुढच्या काही दिवसांत जागा वाढूही शकते.

तेव्हा डीजेवाला उठला. त्याने पोत्याचं तोंड सोडलं आणि मशीन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. केसपेपरवर हळदीची धूळ सांडली.

"मॅडम, यानं झालं. तुमीच पाहा."

डॉक्टरांनी मशीन फिरवलं. मागच्या बाजूला स्टिकर होतं: काळ्यावर पिवळं, स्टीलसारखी चकाकणारी अक्षरं, ३ वॅट. ते स्टिकर माझं होतं. आदल्या वर्षी त्याने मागितलं, मी करून दिलं, किती वॅट ते त्याने सांगितलं तसं लिहिलं. मशीन मी उलटं करून पाहिलं नव्हतं.

"याच्या खाली काही आहे," डॉक्टर म्हणाल्या. माझ्या स्टिकरच्या कडेखालून पांढऱ्या पट्टीचा कोपरा दिसत होता. त्यांनी नखाने काढायचा प्रयत्न केला. निघेना.

"मालक," बायको डीजेवाल्याला म्हणाली, "खाली काय लिवलंय?"

तो पोत्याची घडी घालू लागला.

"लिवलंय काय रे?"

"मॅडम, ते जुनं हाय. सेकंड हँड. परभणीच्या एका डीजेनं टाकून देल्तं, मी घेतलं."

"किती वॅटचं?"

"मला इंग्लिश बराबर वाचता येत न्हाई त्याच्यातलं."

तिने टेबलावरची पट्टी घेतली आणि स्टिकर कडेपासून खरवडलं. दोन मिनिटं लागली. खालच्या पांढऱ्या पट्टीवर इशाऱ्याचा त्रिकोण होता आणि आकडा होता. डॉक्टरांनी चष्मा वर करून वाचला. तीन वॅटच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

"हे खरं असेल तर," त्या म्हणाल्या, "गोष्ट वेगळी आहे. हेही डोळ्यासाठी वाईटच. पण तीन वॅट नाही." त्यांनी स्कॅन पुन्हा मोठा केला, मशीनवरचा आकडा केसपेपरवर उतरवला. जखम जेवढी दिसते तेवढीच असण्याची शक्यता जास्त आहे, असं त्या म्हणाल्या. औषध फारसं नाही. उन्हात चष्मा, सहा आठवडे थांबायचं, मग परत स्कॅन.

बाहेर आल्यावर डीजेवाला माझ्याजवळ आला. "दादा, गावात सांगू नका. सुपाऱ्या जातील."

"काय सांगू नको?"

"कमी वॅटचं हाय ते."

बायको म्हणाली, "कमी वॅटचं हाय म्हणून यांचा डोळा हाय. पेढे वाट."

त्याने बसस्टँडवर खरंच पाव किलो पेढे घेतले. डोळ्यांत थेंब असल्यामुळे मला पेढ्याचा पिवळा ठिपका तेवढा दिसला.

डॉक्टरांनी चौकटींचा एक छापील कागद दिला होता. उभ्या-आडव्या रेघा, मधोमध ठिपका. रोज सकाळी तो वाचायच्या अंतरावर धरायचा, एक डोळा मिटायचा, ठिपक्याकडे पाहायचं आणि रेघा कुठे वाकतात, कुठे तुटतात ते पेन्सिलीने काढायचं. पानं लावताना अशाच चौकटींवर मी पाच वर्षं काम केलं होतं. बायकोने शाळेतून त्या कागदाच्या पन्नास झेरॉक्स आणल्या, प्रत्येकावर तारीख घातली.

रोज सकाळी पोळ्या लाटता लाटता तिचा प्रश्न यायचा. "ठिपका?"

"गैरहजर."

आठव्या दिवसापर्यंत गैरहजर. नवव्या दिवशी ठिपका नव्हता, पण त्याच्या जागी असलेलं काळपट जाळं फिकट झालेलं होतं. ते मी कागदावर लिहिलं. सोळाव्या दिवशी डाव्या बाजूच्या तीन रेघा सरळ झाल्या. विसाव्या दिवशी त्यातली एक परत वाकलेली दिसली. एकविसाव्या दिवशी ती सरळ होती. चोविसाव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी म्हणालो, "हजर."

तिने तवा उतरवला, हात पुसले आणि कागद माझ्या हातातून घेतला. "नक्की? का मार पडंल म्हणून सांगून राहिले?"

"उशिरा आलाय. पण आहे."

तिने त्या दिवशीच्या कागदावर लाल पेनाने खूण केली. पुढच्या अठरा कागदांवर ती खूण आहे.

मधल्या काळात डीजेवाल्याच्या कव्हराचं एक काम राहिलं होतं. त्याला ३ वॅट ही ओळ तशीच ठेवायची होती. मी काढायला सांगितली.

"खरा आकडा टाकू नका दादा, हात जोडतो."

"खरा नको तर खोटाही नको. काहीच नको."

दोन दिवसांनी त्याने ते मान्य केलं. ओळ काढून कव्हर पुन्हा चढवलं तेव्हा त्याने मधोमध टाकलेलं लाल नाव मी पहिल्यांदा उजव्या डोळ्याने पाहिलं. ते एका बाजूला थोडं कललेलं होतं. फोन करून सांगितलं.

"लोकांना महिनाभर दिसून राहिलं दादा," तो म्हणाला, "तुमालाच दिसत नव्हतं." नाव अजून तसंच कललेलं आहे.

फेब्रुवारीतल्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मी पिकअप पाहायला डोंगरकड्याला गेलो. लेझर आता केबिनच्या वर लोखंडी पट्टीला बोल्टने पक्का केलेला आहे, तोंड वरच्या बाजूला. फिरता आकारच चालतो. थांबलेल्या रेघेचं बटण त्याने चिकटपट्टीने झाकलं आहे. जमिनीपासूनची उंची टेपने मोजली. अकरा फूट दोन इंच.

दुसरी तपासणी सत्तावीस फेब्रुवारीला, सोमवारी झाली. स्कॅनमध्ये तुटलेला थर जोडलेला दिसला. एका जागी बारीक खाच आहे. ती राहील की जाईल, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. तक्त्यावर उजव्या डोळ्याने सहावी ओळ पूर्ण वाचली. सातव्या ओळीतली तीन अक्षरं बरोबर आली, दोन चुकली. केसपेपरवर तशी नोंद आहे.

संध्याकाळी सहा वाजता घरी पोचलो. बायकोने मला पलंगावर बसवलं, डाव्या डोळ्यावर स्वतःचा तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने शाळेतली लांब लाकडी पट्टी कॅलेंडरवर टेकवली.

"हे काय हाय?"

"सत्तावीस."

"वार?"

"सोमवार."

अंतर सहा फूट होतं.